गाडीची वेळ

या लेखात एकाही एसटीची वेळ दिलेली नाही. माणसांची नावंही नाहीत, पण दुसऱ्या कोणाचं नाव तर माझ्या त्या पत्रकातही नव्हतं. नाव गाळलं की माणूस झाकला जातो, असं मी तेव्हा समजत होते.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही. आमचं कॉलेज तालुक्याच्या शहरात. शहर म्हणजे नगरपरिषद, मासळी बाजार, एसटी स्टँड आणि बसवल्यापासून नुसता पिवळा लुकलुकणारा एक सिग्नल. त्या वर्षी वरून एक फॉर्म आला. कॉलेजचा परिसर विद्यार्थ्यांसाठी कितपत सुरक्षित आहे ते कॉलेजनेच तपासायचं, फॉर्म भरायचा आणि ठरलेल्या सोमवारी पाठवून द्यायचा. त्यासाठी समिती नेमली: प्राचार्य, वनस्पतिशास्त्राच्या टीचर, हेडक्लार्क आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी. माझं अक्षर चांगलं आणि तोंड वाईट. असं तोंड बाहेर सोडण्यापेक्षा समितीत बसवलेलं बरं, असा प्राचार्यांचा विचार असावा.

फॉर्म कुठल्यातरी मोठ्या शहरासाठी तयार केलेला होता. पहिला प्रश्न, परिसर शहरी की ग्रामीण. आमचं कुंपण नगरपरिषदेच्या हद्दीत येतं म्हणून प्राचार्यांनी 'शहरी'समोर खूण केली. पुढचा प्रश्न, जवळचं मेट्रो स्थानक किती अंतरावर आहे.

"लिव, वाटेत आसा," हेडक्लार्क माझ्या कानाशी पुटपुटले. मग प्राचार्यांकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, "सर, इथे 'लागू नाही' असं लिहूया."

बाकीचे प्रश्न मोजदादीचे. कुंपणाची उंची किती, फाटकं किती, दिवे किती, आग विझवायची नळकांडी किती, कॅमेरे किती. कॅमेऱ्यांच्या प्रश्नाला प्राचार्य खुर्चीत सरळ होऊन बसले. ते त्याच वर्षी बसवले होते आणि उद्घाटनाला नारळ फोडला होता. शेवटचा रकाना होता, वर्षभरात आलेल्या तक्रारींची संख्या. तक्रार पेटी कोणी उघडलेलीच नव्हती; तिच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे यावर थोडी चर्चा झाली. मी शून्य लिहायला गेले तर हेडक्लार्कांनी माझा हात धरला.

"शून्य लिहायचं नसतं. निरंक लिही."

"फरक काय?"

"शून्याच्या आधी कोणी एक घातला तर दहा होतात. निरंकाच्या आधी काय घालशील?"

सगळे हसले, मीही हसले. पेनाने शेवटी एकदम करू म्हणून मी पेन्सिलीने 'निरंक' लिहिलं. आता प्रत्यक्ष परिसरात फिरून सगळं मोजायचं काम माझ्याकडे आलं.

इथे माझ्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढे मी जे केलं ते कळणार नाही. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. पाण्याच्या टाकीबद्दल, बंद पडलेल्या दवाखान्याबद्दल, रस्त्याबद्दल. खाली बाबांची सही आणि कुठल्यातरी कृती समितीचं नाव असायचं. समितीचे अध्यक्ष बाबाच, सतरंजी घालणारेही बाबाच. मी बाराखडी शिकले ती 'नागरिकहो' या शब्दातल्या 'ना'पासून. आमच्याकडे दाराला तोरण नसेल, पण दाराच्या मागे कालच्या पत्रकांचा गठ्ठा असायचाच, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची.

बाबांची पत्रकाची व्याख्या ठरलेली होती. काय, कुठे, कधी. खाली स्वतःचं नाव, निनावी पत्रक म्हणजे कागदावरची चोरी. आणि या तिन्हींतलं 'कधी' सगळ्यात महत्त्वाचं. रेडी गावाच्या बाजूला खनिजाचे ट्रक धावत होते तेव्हा सगळ्यांनी 'बेफाम वाहतूक बंद करा' म्हणून निवेदनं दिली. बाबा तीन दिवस रस्त्याच्या कडेला छत्री उघडून बसले आणि शाळा सुटते त्या अर्ध्या तासात किती ट्रक जातात ते त्यांनी वेळेसकट लिहिलं. तेवढ्या अर्ध्या तासापुरते ट्रक थांबायला लागले. निवेदनांनी झालं नव्हतं ते एका वेळेने केलं, ही गोष्ट आमच्या घरात आरतीसारखी म्हटली जायची.

तर मी फॉर्म घेऊन कॉलेजभर फिरले. चिऱ्यांचं कुंपण मोजलं. मागच्या बाजूला काजूच्या झाडाखाली ते पडलेलं होतं तेही लिहिलं. दिवे मोजले, नळकांडी मोजली. एका नळकांड्यावर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. दुपारी लेक्चरं संपल्यावर लेडीज रूमच्या समोरच्या व्हरांड्यात आले तेव्हा माझ्यापेक्षा एक वर्ष मागे असलेली एक मुलगी बाहेरच्या पायरीवर उन्हात बसलेली दिसली. मी तिला ओळखत होते, टीचरच्या लॅबमध्ये भेटायची. किनाऱ्यावरच्या एका गावची. तिच्या गावची गाडी उशिरा, त्यामुळे लेक्चरं संपल्यावर ती रोज थांबून असायची. व्हरांड्यात सावलीत लांबलचक बाक होतं, पूर्ण रिकामं.

"गो, सावलेक बस मगे," मी म्हटलं.

"हयच बरा आसा."

"उन्हात?"

तिने मान वर केली नाही. नुसती हनुवटीने खूण केली. "थंय दिसता."

"कोणाक?"

बाकाच्या बरोबर समोर, खांबावर, कॅमेरा होता. मी तो नुकताच मोजून आले होते.

तिच्याकडून सगळं काढायला मला चार दुपारी लागल्या. कॅमेऱ्यांचे पडदे कॉम्प्युटर रूममध्ये होते आणि त्यांच्यासमोर एक माणूस बसायचा. सगळ्यांना मदत करणारा, हसतमुख. शिष्यवृत्तीचे फॉर्म तोच भरून द्यायचा, म्हणून सगळ्यांचे मोबाइल नंबर त्याच्याकडे. पहिल्यांदा त्याने जिन्यात तिला विचारलं, "काल डबो खाल्लंस नाय तो?" तिने खाल्ला नव्हता. मग एकदा, "पिवळो ड्रेस धुवाक घातलंस काय? तीन दिवस दिसलो नाय." मग एकदा ती मैत्रिणीबरोबर बाजारात गेली होती, तर दुसऱ्या दिवशी, "काल खंय गेललंस गो? बाक रडत होता." हे सगळं चारचौघांत, हसत. मैत्रिणीही हसायच्या. मग एके दिवशी मोबाइलवर फोटो आला. बाकावर, दप्तरावर डोकं ठेवून ती झोपली होती, त्याचा. वरून काढलेला. खाली लिहिलं होतं, 'झोप घराकडे पुरी करूची.' एकदा बघितला की आपोआप पुसला जाणारा तो फोटो होता.

"टीचरांक सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? तेना माका हात लावल्यान नाय, वायट बोललो नाय. डबो खाल्लंस काय म्हणान इचारल्यान, ह्यां सांगू?"

"फोटो?"

"खंय आसा फोटो? दाखव तू."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. तिच्या वाडीतून सायन्सला आलेली ती पहिली मुलगी. एकच वर्ष उरलं होतं. त्यानंतर तिला रक्त तपासणीचा कोर्स करायचा होता, कारण तिच्या गावात कोणाला ताप आला तर रक्त द्यायलासुद्धा एसटीने तालुक्याला यावं लागतं. "गावात रक्त तपासूचा दुकान घालतलंय," ती म्हणायची, आणि 'दुकान' या शब्दाला स्वतःच हसायची. पण घरात यातलं काही कळलं तर कॉलेज त्याच दिवशी बंद. चुलत बहिणीचं असंच झालं होतं. तिला स्टँडवर कोणीतरी शीळ घातली आणि तीन महिन्यांत तिचं लग्न.

"मी लिहिते," मी म्हणाले. "तुझं नाव येणार नाही."

ती बराच वेळ पायरीवरचा चिरा नखाने खरवडत राहिली. "लिवचा तर लिव. पण मी खंय दिसूक नये."

मी तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

आधी मी टीचरकडे गेले. तक्रार समितीच्या अध्यक्ष त्याच. त्यांचं अर्धं घर गोव्यात, अर्धं इथे. वर्गात कडक मराठी, लॅबमध्ये दार लावलं की त्यांची घरची बोली, ज्यात मुलगी म्हणजे चेडू. मी नाव न सांगता सगळं सांगितलं. त्यांनी नाव विचारलंही नाही. हातातली काचपट्टी प्रकाशात धरून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पयल्या वर्सातलीं दोन चेडवां ह्या महिन्यात सोडून गेलीं. माका वाटलां, अभ्यास झेपलो नाय."

"मग लिहूया ना टीचर. फॉर्ममध्ये निरंक खोडूया."

"लेखी तक्रार नसेल तर आकडा घालता येत नाही. लेखी म्हणजे नावासकट. आणि ते नाव आधी कुठल्या टेबलावर जाईल? त्या खोलीतल्या. ऑफिसचे सगळे कागद तिथेच स्कॅन होतात." मग आवाज उतरवून, "आठ दिवस दी माका, बाय. उद्यापासून गाडी येयसर ही लॅब उघडी. चेडवां हय बसतलीं. हय कॅमेरो नाय. तोपर्यंत मी बगतंय, तो माणूस थंयसून कसो उठवूचो ता."

आठ दिवस म्हणजे सोमवार उलटून जाणार होता. फॉर्म तोपर्यंत गेलेला असणार, त्यात कॅमेऱ्यांची संख्या असणार आणि पुढे निरंक. टीचर भितात, असं माझ्या मनात आलं. समजूतदारपणाला घाबरटपणा म्हणण्याचं ते वय होतं, आणि खरं सांगायचं तर दोन्हींत फरक करायला मला अजूनही वेळ लागतो.

रविवारी पडवीत बसून मी पत्रक लिहिलं. 'विद्यार्थिनींनो, आपण सुरक्षित आहोत की फक्त मोजल्या जात आहोत?' असा मथळा. कॅमेरा कुठे लावलाय, त्याचं तोंड कुठे आहे, लेडीज रूमच्या दाराशी त्याची गरज काय, पडद्यापुढे कोण बसतो यावर कोणाची देखरेख आहे. शेवटची ओळ, 'हा परिसर विद्यार्थिनींसाठी सुरक्षित नाही.' खाली माझं नाव, वर्ग, सही. बाबा कानावर पेन्सिल ठेवून शेजारी येऊन बसले. त्यांनी दोनदा वाचलं. त्यांना त्या मुलीबद्दल काहीच माहीत नव्हतं.

"बरा आसा. पण कधी?"

"रोजचंच आहे ते."

"रोज म्हणजे कधीच नाय. प्राचार्य म्हणतील, असं काही घडत नाही. वाचणाऱ्याक दिसाक होया."

त्यांचं बरोबर होतं. रेडीच्या रस्त्यावरची छत्री माझ्या डोळ्यांसमोर आली. मी एक वाक्य घातलं: 'लेक्चर संपल्यापासून अमुक वाजताच्या गाडीची वाट पाहत बसणाऱ्या विद्यार्थिनीवर रोज हा डोळा रोखलेला असतो.' अमुकच्या जागी मी खरी वेळ लिहिली, मिनिटांसकट. वर्ग लिहिला नाही. गाव लिहिलं नाही. नावाचं पहिलं अक्षरही नाही. वेळ काही कोणाच्या मालकीची नसते.

"आता झाला पत्रक," बाबा म्हणाले आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

सोमवारी सकाळी मी ते नोटीस बोर्डावर, लायब्ररीच्या दारावर आणि एसटी स्टँडच्या खांबावर चिकटवलं. पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या आत नोटीस बोर्डावरचं निघालं होतं. पण तोवर फोटो निघाले होते. दुपारपर्यंत ते पत्रक तालुकाभर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत होतं. अनोळखी लोकांनी मला शाबासकी पाठवली. टीचर व्हरांड्यात समोरून आल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मला वाईट वाटलं नाही. मी जिंकत होते.

प्राचार्यांनी बोलावलं. "कोण मुलगी?"

"नाव सांगणार नाही, सर."

"मग तक्रार कोणाची? हवेची?" त्यांनी पत्रक टेबलावर उलटं करून ठेवलं. "तू हुशार आहेस. शेवटचं वर्ष आहे. तुझं नुकसान व्हावं असं इथे कोणालाही वाटत नाही."

बाहेर पडले तेव्हा कॉम्प्युटर रूमच्या दारात तो उभा होता. चहाचा कप हातात, नेहमीसारखा हसतमुख.

"पत्रक वाचलंय हां," तो म्हणाला. "मस्त लिवलंस. शुद्धलेखनाची एकय चूक नाय." मग चहाचा घोट घेऊन, "आणि वेळ पण अगदी बरोबर."

तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्याच्या हसण्याची मला भीती वाटली, पण कशाची ते कळलं नाही.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. फोन बंद. बुधवारी दुपारी मी स्टँडवर गेले आणि तिच्या गाडीत बसले. तोपर्यंत मी त्या गाडीत कधीच चढले नव्हते. माझं घर शहरातच. एसटीची वेळ मला पाठ होती ती फक्त तिच्या तोंडून ऐकून.

गाडी अर्धी भरलेली. बाजारातून परतणाऱ्या मासळीवाल्या, त्यांच्या रिकाम्या टोपल्या, शाळेची दहा-बारा पोरं, दोन म्हातारे. मी मधल्या सीटवर बसले. माझ्या मागे दोन बायका बोलत होत्या.

"तां चेडू आयजय नाय गो."

"कसा येतला? पेपरात इला मां."

"पेपरात नाय गो. पत्रकात."

"पत्रकात नाव नाय म्हणतत."

"नाव कित्याक होया? ह्या गाडयेक कॉलेजचा चेडू एकच. दुसरा कोण, तू?"

"माका कोण बगतलो कॅमेऱ्यात? कॅमेरो फुटात!"

दोघी खळखळून हसल्या. कंडक्टरही हसला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. "खंयचा तिकीट?"

मी गावाचं नाव सांगितलं. मागचं हसू थांबलं. कोणीतरी टोपली पायाने जवळ ओढली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, पण काही दिसत नव्हतं. एक गाडी, एक गाव, एक मुलगी. शहरात पाच-सहाशे जण शिकत असलेल्या कॉलेजात 'एक विद्यार्थिनी' ही गर्दीत मिसळते. या गाडीत ती सीटसकट सगळ्यांना ठाऊक होती. मी तिचं नाव लिहिलं असतं तर निदान तेच नाव असणाऱ्या दुसऱ्या तिघी निघाल्या असत्या.

तिचं घर खाडीच्या कडेला. वडील होड्या दुरुस्त करायचे. अंगणात उलटी घातलेली एक होडी होती आणि ते तिच्या फळ्यांच्या फटीत कापसाचा पीळ ठोकून बसवत होते. मी नाव सांगितल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली, हात पुसले आणि सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. माझं पत्रक. कोणीतरी छापून आणून दिलेलं.

"ह्यां तुझा मां?"

"होय, काका."

"बस. च्या घे." त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. मला वाटलं, ते ओरडतील. मी त्याची तयारी करून आले होते. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देणं मला लहानपणापासून येतं.

"बरा केलंस," ते म्हणाले. "कोण सांगता आमका? तू लिवलंस म्हणान कळला."

"काका, तिची काही चूक नाही. ती..."

"तेची चूक खंय म्हणतंय मी? चूक तेंचीच. तूच लिवलंस." त्यांनी कागद उलगडला आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. "'हा परिसर विद्यार्थिनींसाठी सुरक्षित नाही.' व्हय मां?"

"हो, पण..."

"मगे जो परिसर सुरक्षित नाय, थंय चेडवाक कशाक धाडू?"

ते चिडलेले नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या पत्रकावर तालुक्यात इतका मनापासून विश्वास ठेवणारा दुसरा वाचक मला मिळाला नाही.

"ते सुधारायला हवं, काका. तिचं कॉलेज बंद करून ते सुधारणार नाही."

"तुमी सुधारा. सुधारला की माका सांगा," असं म्हणून त्यांनी हातोडी उचलली. ठोक्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

चहा तिनेच आणला. कप माझ्यापुढे ठेवताना ती माझ्याकडे बघेना. निघताना मात्र माझ्यामागे बेड्यापर्यंत आली. बेडा म्हणजे आमच्याकडचं अंगणाचं आडव्या बांबूंचं फाटक. तिने बांबू सरकवला. मी बाहेर पडले. मग ती म्हणाली, "वेळ कशाक लिवलंस?"

एवढंच. मी काहीतरी बोलायला लागले, बाबा, पत्रक, रेडीचा रस्ता. तिने बांबू परत सरकवून लावला.

कॉलेजात जे झालं ते थोडक्यात सांगते. फॉर्म ठरल्याप्रमाणे त्या सोमवारीच गेला. मी सही केली नाही. विद्यार्थी प्रतिनिधीची सही ऐच्छिक असते असं निघालं. शेवटच्या रकान्यात निरंक. माझी पेन्सिल पुसून त्यावर हेडक्लार्कांनी निळ्या शाईने लिहिलं, माझ्यासमोरच. "काय करू गो," ते म्हणाले, "नावासकट कागद खंय आसा?" त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही. नंतर कळलं, वरून शेरा आला होता की परिसर समाधानकारकरीत्या सुरक्षित आहे. कॅमेरे आणखी चार वाढले. पत्रकामुळे झालेली बदनामी लक्षात घेऊन.

त्या माणसाची बदली झाली. टीचरने आठ दिवस मागितले होते. त्यांना दहा लागले. त्यांनी कोणाकोणाचे पाय धरले ते मला माहीत नाही. मी घाई केली नसती तर ती मुलगी त्या दहा दिवसांत लॅबमध्ये बसून अभ्यास करत राहिली असती, त्याची बदली झाली असती, आणि गाडीतल्या बायकांना बोलायला दुसरा विषय मिळाला असता. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ट्रकाक घर नसता." त्यानंतर बरेच दिवस त्यांनी पत्रक लिहिलं नाही, आणि दाराच्या मागचा गठ्ठा तसाच राहिला.

याचा अर्थ लिहू नये असा कोणी काढणार असेल तर त्याने हा लेख इथेच ठेवून द्यावा. गप्प राहून त्या व्हरांड्यातून आणखी किती जणी निघून गेल्या असत्या, याचा हिशेब निरंक लिहिणाऱ्यांकडे नाही. माझी चूक लिहिण्याची नव्हती. मी ज्या माणसासाठी लिहीत होते त्याच्या गाडीत एकदाही बसले नव्हते, ही होती.

टीचर रविवारची चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून तिच्या गावी जायला लागल्या. तीन रविवार गेल्या. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. चौथ्या रविवारी वडील म्हणाले, परीक्षेपुरती धाडतंय, बाकी नाय. हजेरीचं टीचरने कसं जमवलं तेही मी लिहिणार नाही. वह्या मी पोचवायचे, त्याच गाडीने. मासळीवाल्या आता मला जागा द्यायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी मी तिला आणायला स्टँडवर गेले. माझे पेपर तोवर संपले होते. आम्ही दोघी चालत कॉलेजच्या फाटकापर्यंत आलो. फाटकावर नवा कॅमेरा होता. ती थांबली. ओढणी डोक्यावर घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, परत खांद्यावर टाकली.

"तो खंय आसा आता?"

"बदली झाली त्याची. सांगितलं होतं ना."

"बदली म्हणजे खंय?"

मला सांगायचं नव्हतं. पण तिला एकदा मी न विचारता उघडं पाडलं होतं, आता विचारल्यावर झाकून ठेवणं जमलं नाही. मी सांगितलं. याच संस्थेचं दुसरं कॉलेज, दुसऱ्या तालुक्यात. काम तेच, पडद्यांसमोर बसायचं. तिथले कॅमेरे इथल्यापेक्षा नवे आहेत.

ती हातातलं हॉलतिकीट गुंडाळत राहिली. आत पहिली घंटा झाली. मुलं पळत गेली. ती हलली नाही.

"थंयच्या चेडवांक गाडी किती वाजता असता गो?"

मी म्हटलं, माहीत नाही. दुसरी घंटा झाली तेव्हा ती आत गेली. पेपर सुटायला तीन तास होते. मी परत स्टँडवर आले, चौकशीच्या खिडकीच्या वर लावलेल्या साऱ्या जिल्ह्याच्या वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभी राहिले आणि त्या तालुक्याच्या गाड्या वरून खाली वाचत गेले. लेक्चरं सुटल्यानंतर तिथून आत गावांकडे जाणारी एकच होती.